परक्या गलबतांची खबर

बऱ्हाणपूरच्या राजघाटावर उभे राहिले की समोर तापीचे पात्र दिसते. तिथे समुद्राची एकही खूण नाही. खारा वारा नाही, वाळत घातलेली जाळी नाहीत, डोलकाठ्यांची रांग नाही. पण हेच पाणी खानदेश ओलांडून पश्चिमेला जाते आणि सुरतेच्या खाली समुद्राला मिळते. त्या मुखाजवळच सुंवाळीचा किनारा आहे. सतराव्या शतकात विलायतेची जहाजे तिथे नांगर टाकीत. समुद्रापासून साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक आत वसलेल्या या शहराच्या बाजारातही पावसाळा सरला की एकच प्रश्न घोळत असला पाहिजे : जहाजे आली काय, आणि आली ती कोणाची?

या प्रश्नाचे उत्तर प्रथम कोणाला कळत असे? इतिहासाच्या पुस्तकांत सुभेदारांची नावे आहेत, आरमारांच्या सरखेलांची आहेत, वखारवाल्यांची आहेत. परंतु क्षितिजावरचे शीड त्यांच्यापैकी कोणी पहिल्याने पाहिलेले नसते. ते पाहतो पहाटे जाळे टाकायला गेलेला कोळी. ते पाहतो माडावर चढलेला भंडारी, कारण गावातल्या कोणत्याही घरापेक्षा माडाचा शेंडा उंच असतो. ते पाहतो बंदरावरचा हमाल. किनाऱ्याची पहिली राखण या माणसांनी केली आहे. त्यांचे डोळे कधी उपयोगी पडले आणि कधी वाया गेले, याचा हा थोडक्यात इतिहास आहे.

प्रारंभ १४९८ सालच्या मे महिन्यापासून करणे सोयीचे. वास्को द गामाची जहाजे मलबारच्या किनाऱ्यावर कालिकतजवळ नांगरली, तेव्हा किनाऱ्यावरून चार होड्या त्यांच्याजवळ आल्या. होड्यांतल्या माणसांनी विचारले, तुम्ही कोणत्या देशाचे? त्या सफरीच्या रोजनिशीत ही नोंद आहे. विचारणाऱ्यांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत. पुढे साडेचारशे वर्षे ज्या संबंधाने हिंदुस्थानचे भाग्य घडले आणि बिघडले, त्या संबंधातला हा पहिला प्रश्न राजाने विचारलेला नव्हता. तो नावाड्यांनी विचारला होता, आणि तो अगदी योग्य प्रश्न होता.

थोड्याच वर्षांत पोर्तुगीजांनी तो प्रश्न उलटवला. हिंदी समुद्रात कोणतेही देशी गलबत हाकारायचे तर आपला परवाना घेतला पाहिजे, असा त्यांनी नियम केला. या परवान्याला ते कार्ताझ म्हणत. परवाना नसेल तर गलबत आणि माल दोन्ही जप्त. गुजरातचे व्यापारी, दक्षिणेतले सुलतान, पुढे तर मोगल बादशहाची यात्रेकरूंची जहाजेही हा कागद घेऊन निघत. ज्याच्या किनाऱ्यावर जहाज येते त्याने ‘तू कोण?’ असे विचारावे, ही जगाची रीत. इथे घरच्या माणसालाच परका विचारू लागला, तू कोण म्हणून. समुद्रावरची सत्ता म्हणजे तोफा खऱ्याच. पण त्याआधी ती विचारपूस करण्याचा अधिकार असते, ही गोष्ट पोर्तुगीजांनी आपल्याला फार महाग किमतीला शिकवली.

कागद असूनही धोका टळत नसे. १६१३ साली जहांगीर बादशहाच्या मातोश्रींचे रहीमी नावाचे मोठे जहाज पोर्तुगीजांनी सुरतेजवळ पकडले. बादशहाने संतापून पोर्तुगीजांचा व्यापार थांबवला, त्यांची प्रार्थनामंदिरे बंद करविली आणि दमणला वेढा घालण्यास फौज धाडली. त्याच सुमारास इंग्रजांना सुरतेत वखार घालण्याची परवानगी मिळाली. १६१२ सालच्या अखेरीस सुंवाळीजवळ इंग्रजांच्या दोन जहाजांनी पोर्तुगीजांच्या मोठ्या काफिल्याला तोंड दिले होते. किनाऱ्यावरून ती लढाई लोकांनी पाहिली होती. पोर्तुगीजांना समुद्रावर अडवणारा कोणी आहे, ही वार्ता दरबारी गेली आणि तिथल्या निर्णयाला वजन मिळाले. किनाऱ्यावरून पाहिलेल्या गोष्टीने राज्याचे धोरण कसे वळते, याचे हे ठळक उदाहरण आहे. ते वळण पुढे कुठे नेणार, हे मात्र पाहणाऱ्यांना दिसत नव्हते.

आता पुन्हा बऱ्हाणपूरकडे येऊ. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी घराण्यातल्या नासीरखानाने हे नगर वसवले आणि खुलताबादचे संत बुऱ्हाणुद्दीन यांचे नाव त्याला दिले. १६०१ साली अकबराने जवळचा असीरगड घेतला आणि फारुकींचे राज्य संपले. तेव्हापासून दक्षिणेच्या मोहिमांचे मुख्य ठाणे म्हणून बऱ्हाणपूर गजबजले. छावणी आली तशी गिऱ्हाइके आली. पण शहराची खरी पुंजी त्याच्या मागावर होती. इथली तलम मलमल, फुले रंगवलेली वस्त्रे, ओढण्या आणि शेले यांची कीर्ती दूरवर होती. सतराव्या शतकाच्या मध्यास इथून गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये लिहितो की हे कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान आणि कैरो इथे तर जातेच, पण रशिया व पोलंडपर्यंत पोहोचते. बऱ्हाणपूरच्या विणकराने समुद्र पाहिलेला नसे; त्याच्या हातचे कापड मात्र समुद्र ओलांडी.

हे कापड बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून नंदुरबार-नवापूरच्या वाटेने सुरतेला उतरत असे. पावसाळ्यात समुद्र बंद. नारळी पौर्णिमा झाली की देशी गलबते पाण्यात लोटली जात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात विलायतेची जहाजे सुंवाळीला लागत. जहाजे वेळेवर आली तर मागणी. ती लांबली, वाटेत बुडाली, पोर्तुगीजांनी अडवली, तर माल वखारीत पडून. साहजिकच जहाजांची खबर ही बाजारातली सर्वांत मौल्यवान जिन्नस होती. ती कासीद आणीत. वखारवाल्यांचे पायी जाणारे जासूद निराळे, सराफांचे निराळे, आणि सरकारी वाकेनवीस आपल्या बातम्या दरबारी धाडीत ते निराळे. या साऱ्यांच्या मुळाशी किनाऱ्यावरचा कोणीतरी असे. त्याने शीड पाहिलेले असे, निशाण ओळखलेले असे, खलाशांची भाषा ऐकलेली असे. त्याच्या डोळ्यांवर बऱ्हाणपूरच्या विणकराची भाकरी अवलंबून होती, आणि त्या दोघांनी एकमेकांना कधी पाहिलेले नव्हते.

१६१५ सालच्या सप्टेंबरात अशीच इंग्रजी जहाजे सुंवाळीला आली. त्यांतून इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो उतरला. अजमेरला बादशहाच्या भेटीस जाताना तो नोव्हेंबरच्या मध्यास बऱ्हाणपुरास पोहोचला. सुरतेपासूनच्या प्रवासाला त्याला सुमारे पंधरा दिवस लागले. शहाजादा परवेझ तेव्हा इथे होता. रोने त्याची भेट घेतली आणि बऱ्हाणपुरात इंग्रजांना व्यापार करण्याची मोकळीक मागितली. ती मिळाली. नजराण्यात मद्याच्या बाटल्यांची पेटी होती. त्या मद्याच्या अमलामुळे शहाजाद्याची पुढची भेट राहून गेली, असे रो आपल्या रोजनिशीत नमूद करतो. प्रसंग हसण्याजोगा वाटतो, पण त्यातला अर्थ हसण्याजोगा नाही. समुद्रावरच्या त्या पाहुण्यांना आपल्या बाजारांची, वाटांची, सरदारांच्या स्वभावाची बारीकसारीक माहिती हवी होती, आणि ते ती रोजच्या रोज लिहून ठेवीत होते. आपण त्यांच्या जहाजांची खबर घेत होतो ती भाव ठरवण्यापुरती. ते आपली खबर घेत होते ती कायमच्या उपयोगासाठी.

हा फरक ज्याने नेमका ओळखला, तो राजा सह्याद्रीत जन्मला. १६५७ साली कल्याण-भिवंडी हाती येताच शिवाजी महाराजांनी गलबते बांधण्यास आरंभ केला. १६६४ साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. या आरमारात कोळी, भंडारी आणि किनाऱ्यावरच्या इतर जातिजमातींची माणसे होती. म्हणजे जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या नुसती पाहत होती, तिला प्रथमच दरबारात ऐकणारा कान मिळाला. हे या आरमाराचे मोठे मर्म आहे.

त्याचे उत्तम उदाहरण खांदेरीचे. मुंबई बंदराच्या तोंडाशी, थळच्या समोर, हे लहानसे बेट आहे. तिथे उभे राहिले की मुंबईत येणारे-जाणारे प्रत्येक जहाज नजरेच्या टप्प्यात येते. जंजिऱ्याच्या सिद्दीची वाटही तिथून दिसते. १६७९ सालच्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारी थोडी माणसे आणि लहान तोफा घेऊन त्या बेटावर उतरला आणि तटबंदी बांधू लागला. मुंबईच्या इंग्रजांना त्याचा अर्थ तत्काळ कळला. त्यांनी आपली लढाऊ जहाजे बेटाभोवती उभी केली. पण रात्र पडली की थळ-नागावच्या बाजूने वल्ह्यांच्या लहान होड्या निघत आणि मोठ्या जहाजांच्या मधून वाट काढून बेटावर दाणागोटा व दारूगोळा पोहोचवीत. वारा पडला की मोठी जहाजे जागीच अडकत. होडी मात्र उथळ पाण्यातूनही जाई. कित्येक महिने झुंजून इंग्रजांनी माघार घेतली आणि बेट मराठ्यांकडे राहिले. मुंबईच्या दारात बसून मुंबईवर नजर ठेवणारी चौकी अशा रीतीने उभी राहिली. ती चौकी होड्या वल्हवणाऱ्यांच्या जोरावर टिकली होती.

परक्या जहाजाची ओळख चुकली की काय होते, हे १६९५ साली सुरतेने पाहिले. यात्रेकरू आणि धन घेऊन परतणारे औरंगजेबाचे गंज-इ-सवाई हे जहाज हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने भर समुद्रात लुटले. वाचलेली माणसे सुरतेला पोहोचली आणि त्यांनी सांगितले की लुटारू इंग्रज होते. शहर खवळले. वखारीतले इंग्रज म्हणू लागले की तो चाचा आहे, कंपनीचा नव्हे. अधिकाऱ्यांनी त्यांना कित्येक महिने कोंडून ठेवले. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात सत्याचा अंश होता. जहाजाचे निशाण एक सांगते, खलाशांची भाषा दुसरे सांगते आणि जहाजाचा खरा धनी तिसराच असतो. ही अडचण तेव्हा जेवढी होती तेवढीच आजही आहे.

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र या दृष्टीने वाचण्याजोगे आहे. त्यात टोपीकरांविषयी स्वतंत्र विवेचन आहे. हे इतर सावकारांसारखे सावकार नव्हेत, यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत. म्हणून यांना समुद्रकिनारी जागा देऊन कायमचे बांधकाम करू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. त्याच ग्रंथात व्यापारी गलबतांना अभय देण्याचाही उपदेश आहे. सावधपणा आणि सौजन्य यांची ही सांगड लक्षात ठेवावी. प्रत्येक परके जहाज शत्रूचे नसते. परंतु प्रत्येक परके जहाज कोणाचे तरी असते, आणि ते कोणाचे हे ठाऊक असले पाहिजे.

कान्होजी आंग्रे यांनी हीच नीती अंमलात आणली. कोकण किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबताने आपला दस्तक घ्यावा, असा त्यांचा आग्रह होता. ‘तू कोण?’ हा प्रश्न पुन्हा घरधन्याच्या तोंडी आला. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटले, यात आश्चर्य नाही. मात्र १७२९ साली कान्होजी वारले, त्यांच्या घरात दुही माजली, आणि १७५६ साली विजयदुर्ग बुडवण्यासाठी खुद्द पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली. तुळाजी आंग्रे यांचे आरमार जळाले. किनाऱ्यावरचे कोळी आणि भंडारी होते तिथेच होते, त्यांना शिडेही पूर्वीसारखीच दिसत होती. पण त्यांनी पाहिलेले सांगावे तरी कोणाला?

त्यानंतरची दोन शतके किनाऱ्याची राखण परक्यांच्या हाती गेली. दीपगृहे उभी राहिली, जकातीची ठाणी बसली, तारायंत्र आले. रेल्वे झाल्यावर बऱ्हाणपूरचा माल मुंबईच्या वाटेने जाऊ लागला आणि जहाजांची खबर तारेने येऊ लागली. सामान्य माणसाच्या नजरेची गरज सरकारला उरली नाही. तरी मोठ्या यंत्रणेच्याही डोळ्यांत धूळ पडते, हे पहिल्या महायुद्धात दिसले : १९१७ साली वोल्फ नावाच्या जर्मन जहाजाने व्यापारी जहाजाच्या रूपात येऊन मुंबईच्या समुद्रात सुरुंग पेरले.

दुसऱ्या महायुद्धातली गोव्याची हकीकत याहून बोधप्रद आहे. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे मुरगाव बंदरात एहरेनफेल्स आणि इतर दोन जर्मन जहाजे व एक इटालियन जहाज आश्रयाला होती. दोस्तांच्या जहाजांच्या हालचालींच्या बातम्या एहरेनफेल्सवरच्या गुप्त प्रक्षेपकावरून पाणबुड्यांना कळवल्या जातात, असा ब्रिटिशांना संशय होता. ९ मार्च १९४३ च्या पहाटे कलकत्ता लाइट हॉर्स या पथकाचे प्रौढ वयाचे हौशी सैनिक एका गाळवाहू नौकेतून आले आणि त्यांनी त्या जहाजावर चढाई केली. जर्मन खलाशांनी आपली जहाजे स्वतःच पेटवली आणि बुडवली. तटस्थ बंदरातली ही चढाई असल्यामुळे तिची हकीकत अनेक वर्षे गुप्त ठेवण्यात आली. कोणते जहाज केव्हा निघाले, ही बंदरावरच्या कोणालाही दिसणारी साधी गोष्ट. तीच चुकीच्या कानी पडली तर शेकडो खलाशी बुडतात. खबर देणे हे जसे नागरिकाचे कर्तव्य, तसे ती कोणाला द्यायची हे जाणणे हेही कर्तव्यच.

स्वातंत्र्यानंतर किनारा आपला झाला. तरी पाहणारा डोळा आणि ऐकणारा कान यांची गाठ आपोआप पडली नाही. १९९३ सालच्या आरंभी रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी इथे शस्त्रे व स्फोटके उतरली. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोट झाले आणि अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पुढे न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले त्यांत जकात खात्याचे आणि पोलीस दलाचे लोकही होते. ज्या कानांनी ऐकायचे तेच विकले गेले, तर किनाऱ्यावरच्या शंभर डोळ्यांचाही उपयोग नाही.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार वस्तीजवळ रबरी होडीतून दहा तरुण उतरले. वस्तीतल्या लोकांनी त्यांना पाहिले. कोण तुम्ही, कुठले, असे विचारलेही. कालिकतच्या नावाड्यांनी विचारलेला तोच प्रश्न होता. उत्तर उर्मटपणाचे आले आणि ते तरुण पाठीवरची ओझी घेऊन शहरात शिरले. त्याआधी त्यांनी कुबेर नावाची पोरबंदरची मासेमारी नौका भर समुद्रात पकडली होती आणि तिच्या तांडेलाला ठार केले होते. त्या हल्ल्यात १६६ जणांचे प्राण गेले. किनाऱ्यावरची नजर त्या रात्री झोपलेली नव्हती. त्या नजरेला आलेली शंका शहराला सावध करील इतक्या वेगाने पुढे जाण्याची वाट तेवढी नव्हती. हे दुःख इतिहासाने मांडून ठेवले आहे.

यानंतर ती वाट बांधण्याचे काम नेटाने सुरू झाले. २००९ साली प्रादेशिक समुद्रातल्या किनारी सुरक्षेची जबाबदारी तटरक्षक दलावर सोपवली गेली. सागरी पोलीस ठाणी वाढली, किनाऱ्यावर रडारची साखळी उभी राहिली, मच्छीमारांना ओळखपत्रे मिळाली आणि त्यांच्या नौकांची नोंदणी कसोशीने होऊ लागली. गावोगावी सागर रक्षक दलांत कोळी तरुण सामील झाले. सागरी पोलिसांसाठी १०९३ आणि तटरक्षक दलासाठी १५५४ हे विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक ठरवले गेले.

यंत्रे आली म्हणून डोळ्यांची गरज संपली असे मात्र नाही. २०११ सालच्या जून महिन्यात विस्डम नावाचे जहाज जुहूच्या वाळूत येऊन रुतले. ३१ जुलैला त्याच किनाऱ्यावर पवित नावाचे दुसरे जहाज येऊन लागले. ओमानजवळ खलाशांनी ते सोडून दिले होते आणि ते बुडाले असावे असा समज होता. माणूस नसलेले ते जहाज आपल्या समुद्रातून वाहत वाहत मुंबईच्या अंगणात येईपर्यंत यंत्रणेच्या ध्यानात आले नाही. याउलट १८ ऑगस्ट २०२२ रोजी हरिहरेश्वरच्या किनाऱ्याजवळ एक रिकामी नौका स्थानिक लोकांना दिसली. त्यांनी लगेच कळवले. तीत तीन एके-४७ बंदुका निघाल्या. चौकशीअंती ती लेडी हान नावाची नौका असून ओमानकडच्या समुद्रात संकटात सापडल्यावर तिच्यावरच्या लोकांची सुटका झाली होती आणि ती वाहत आली होती, असे उघड झाले. घातपाताचा बेत नव्हता. परंतु खबर देणाऱ्यांना कोणी वेड्यात काढले नाही, आणि ते योग्यच झाले. शंका खोटी ठरली म्हणजे खबर वाया गेली असे नव्हे.

परके जहाज दिसले की ते संशयितच, असाही ग्रह नसावा. आपल्या किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र आपल्या सार्वभौम सत्तेखाली आहे. २०० सागरी मैलांपर्यंत मासे, खनिजे आदी संपत्तीवर आपला हक्क आहे. १९७६ सालच्या कायद्याने या हद्दी ठरल्या आहेत. पण आपल्या शांततेला बाधा न आणता निमूट निघून जाणाऱ्या परदेशी व्यापारी जहाजाला आपल्या समुद्रातूनही जाण्याचा हक्क आंतरराष्ट्रीय कायद्याने दिलेला आहे. संकटातल्या जहाजाला आसरा देणे हीही समुद्राची जुनी रीत. २०१९ सालच्या जूनमध्ये वायू वादळाच्या वेळी दहा चिनी मासेमारी जहाजे दाभोळ बंदरात आली, तेव्हा तटरक्षक दलाने त्यांना आसरा दिला आणि त्यांच्यावर नजरही ठेवली. अमात्यांच्या आज्ञापत्रातली सांगड ती हीच.

मग सामान्य माणसाने नेमके काय पाहावे? जहाजाचे नाव आणि नोंदणीचे बंदर त्याच्या मागच्या अंगावर लिहिलेले असते. मोठ्या जहाजाच्या अंगावर सात आकड्यांचा एक कायमचा क्रमांकही असतो. नाव बदलते, निशाण बदलते, मालक बदलतो. हा क्रमांक बदलत नाही. निशाण पाहावे, मात्र त्यावर भिस्त ठेवू नये. पनामा आणि लायबेरिया यांची निशाणे लावलेल्या कित्येक जहाजांचे मालक निराळ्याच देशांत राहतात. वेळ, दिशा आणि किनाऱ्यावरच्या कोणत्या खुणेसमोर जहाज दिसले, हे टिपावे. स्वतः होडी घेऊन जवळ जाऊ नये. आणि नोंद असेल ती पोलिसांना किंवा तटरक्षक दलाला कळवावी. चावडीवर किंवा मोबाईलच्या गटांत ती वाटत सुटू नये. नौदलाच्या जहाजांच्या हालचालींविषयी तर मौनच बरे. मुरगावची आठवण त्यासाठीच ठेवायची.

आता यात एका नव्या साधनाची भर पडली आहे. २००४ सालच्या अखेरीपासून आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या ३०० टनांवरील प्रत्येक जहाजाला स्वतःची ओळख सांगणारे यंत्र बाळगावे लागते. जहाजांची टक्कर टाळावी हा त्याचा मूळ हेतू. ते यंत्र जहाजाचे नाव, क्रमांक, जागा, वेग आणि दिशा रेडिओलहरींवरून सतत सांगत असते. किनाऱ्यावरच्या साध्या ग्राहक यंत्रालाही ते ऐकू येते, आणि अशा नोंदी एकत्र करून नकाशावर दाखवणारी संकेतस्थळे कोणालाही पाहता येतात. या यंत्रालाही मर्यादा आहेत. ते बंद करता येते, त्यातून खोटी ओळखही सांगता येते. युद्धनौकांवर त्याचे बंधन नाही. लहान होड्यांवर बहुधा ते नसते, आणि १९९३ व २००८ या दोन्ही वेळी संकट लहान होड्यांतूनच उतरले. नकाशावर जे दिसत नाही ते पाहण्यासाठी पहाटे जाळे टाकणारा कोळीच लागतो.

बऱ्हाणपूरचे हातमाग मागे पडले. त्यांच्या जागी यंत्रमागांची खडखड ऐकू येते आणि भोवतालच्या मळ्यांत केळी डुलतात. तापी मात्र त्याच वाटेने वाहते. तिच्या मुखाशी, जुन्या सुंवाळीच्या शेजारी, हजीऱ्याचे मोठे बंदर उभे आहे. राजघाटाच्या पायरीवर बसलेल्या एखाद्या मुलाने हातातला मोबाईल उघडला, तर हजीऱ्यासमोर या घटकेला कोणती जहाजे उभी आहेत आणि ती कोणत्या देशांची निशाणे लावून आली आहेत, हे त्याला दिसू शकते. कासिदाला जी खबर आणायला कित्येक दिवस लागत, ती आता डोळ्याचे पाते लवते न लवते तोच मिळते.

परंतु त्या मुलाने एवढे ध्यानात ठेवावे. त्याच्या पडद्यावर जे ठिपके हलतात, त्यांच्या पलीकडे कोकणच्या एखाद्या खाडीच्या तोंडाशी एक माणूस होडी हाकारीत असतो. त्याने काही पाहिले आणि सांगितले, तर त्याचे ऐकले जाते काय, यावर त्या मुलाची झोप अवलंबून आहे. कालिकतच्या चार होड्यांनी प्रश्न विचारला होता. त्यांच्या मागे उत्तर समजून घेणारे राज्य उभे राहिले नाही. आज ते राज्य आपले आहे, आणि ऐकण्याचे कामही आपलेच आहे.